स्लॅब ओतायच्या आधीच वायरिंगचं ठरवायला हवं का?

तुम्ही लिहिलंय की सांगलीत दुमजली आरसीसी घर चाललंय, कॉलम उभे राहिलेत, तीन आठवड्यांत पहिला स्लॅब आहे आणि ठेकेदार म्हणतोय, "लाईटचं गिलाव्याच्या वेळी बघू, आत्तापासून कशाला डोक्याला ताप?" मी साताऱ्यात वायरिंगची कामं घेतो, बावीस वर्षं झाली. माझं सांगणं एकच, स्लॅबच्या आधी ठरवा. विटांच्या भिंतीला नंतर झिऱ्या (पाईपसाठी चर) मारता येतात. स्लॅबला मारता येत नाहीत, आणि कॉलम-बीमला तर कुणालाही छिन्नी लावू देऊ नका.

छतावरचे पंखे आणि दिवे यांचे पाईप स्लॅबच्या पोटातून जातात. सेंट्रिंगवर (स्लॅबखालच्या तात्पुरत्या फळ्यांवर) तळची सळ्यांची जाळी बांधून झाली की काँक्रीट यायच्या आत आम्हाला जो वेळ मिळतो, त्यात पंख्याचे बॉक्स बसवायचे, तिथून भिंतीकडे पाईप न्यायचे आणि उघडी तोंडं बोळे घालून, टेप मारून बंद करायची. माझ्या सुरुवातीच्या काळात एका घराचा स्लॅब ओतला तेव्हा मी दुसऱ्या साईटवर होतो. कुणाचा तरी पाय पडून पाईप सांध्यातून निसटला, आत सिमेंटचं पाणी गेलं. सेंट्रिंग काढल्यावर वायर ओढायची स्प्रिंग घातली तर चार फुटांवर अडली ती अडलीच. हॉलच्या मधल्या पंख्याची वायर शेवटी छतावरून पट्टीतून न्यावी लागली. ती पांढरी पट्टी आजही तिथं आहे आणि त्या घरी गेलो की माझी नजर आधी तिच्यावर जाते. तेव्हापासून काँक्रीट पडेपर्यंत मी साईट सोडत नाही. तुमच्या वायरमनलाही हे आधीच बजावा.

आता पॉइंट कुठं, हा खरा प्रश्न. नकाशावर ते नीट कळत नाही. मी चुन्याची फक्की घेऊन खालच्या भरावावरच पलंग, ओटा, सोफा, देवघर आखतो आणि घरच्यांना त्यात उभं करतो. कोरेगावकडच्या एका घरी काकूंना म्हटलं, "काकू, समजा तुम्ही स्वयंपाक करताय." त्या खिडकीकडं तोंड करून उभ्या राहिल्या, डावा हात पुढं केला आणि म्हणाल्या, "मिक्सर मला इकडं लागतो, मी डावखुरी आहे." नकाशात तो प्लग उजवीकडं होता, म्हणजे मिक्सरची वायर रोज गॅसवरून गेली असती. बोर्ड चार फूट सरकला, तोही फक्कीची एक रेघ पुसून. दारं कुठल्या बाजूला उघडणार हेही तेव्हाच बघा, नाहीतर बटणं दारामागं जातात. पलंगाशी आणि जिन्याला टू-वे स्विच (एकच दिवा दोन ठिकाणांहून चालू-बंद करणारे) हवेत. त्याला जादा वायरी लागतात, म्हणून आधी सांगायचं. स्वयंपाकघरात तर कधीच पॉइंट पुरत नाहीत. फ्रिज, मिक्सर, ओव्हन, फिल्टर, चिमणी, इंडक्शन, शिवाय घरघंटी कुठं ठेवणार? एक्स्टेंशन बोर्डावर जड उपकरणं चालवणं मला मनापासून नको वाटतं. वितळून काळे पडलेले प्लग मी फार बघितलेत.

मग लोडचा, म्हणजे सगळी उपकरणं मिळून लागणाऱ्या विजेचा हिशोब. दोन दीड टनी एसी धरा साडेतीन किलोवॅट, २-२ किलोवॅटचे दोन गिझर, इंडक्शन २, इस्त्री १, पंप आणि घरघंटी मिळून दीड. बेरीज १२ किलोवॅट. सगळं एकदम चालत नाही, हे खरं. पण थंडीत सकाळी सातला दोन्ही गिझर, पंप, इस्त्री आणि इंडक्शन लागले की पावणेआठ किलोवॅट होतात, म्हणजे २३० व्होल्टला ३३-३४ अँपिअर. एवढ्यासाठी थ्री फेज (तीन फेजचं वीज कनेक्शन) घ्या आणि गिझर वेगवेगळ्या फेजवर टाका. दिव्यांना दीडची (दीड चौरस मिलिमीटर जाडीची) वायर, १६ अँपिअरच्या प्लगला अडीचची, एसीला चारची. एसी आणि गिझरला डीबीपासून (घरातल्या मुख्य वाटप बोर्डापासून) थेट स्वतंत्र लाईन द्या.

एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडून वीज तोडणारं बटण, वायरीला वाचवतो. म्हणून तो वायरीच्या मापाचा हवा. सारखा पडतो म्हणून अडीचच्या वायरीवर ३२ अँपिअरचा बसवला, तर वायर जळेपर्यंत तो गप्प बसतो. माणसाला वाचवतो तो आरसीसीबी, करंटची थोडी गळती झाली तरी वीज तोडणारा, ३० मिलिअँपिअरचा. गिझरच्या पाण्यातून शॉक बसला तर १६ चा एमसीबी पडत नाही, कारण माणूस दगावायला त्याच्या कितीतरी कमी करंट पुरतो. पैसे कमी पडले तर झुंबर पुढच्या वर्षी घ्या, आरसीसीबी आत्ताच घ्या. इन्व्हर्टरवरच्या दिव्यांचा न्यूट्रलही (करंट परत नेणारी वायर) वेगळा ठेवायला सांगा. तो बाकीच्यांत मिसळला की आरसीसीबी विनाकारण पडत राहतो, आणि मग कोणीतरी वैतागून तो काढूनच टाकतं.

अर्थिंगचा खड्डा भिंतीपासून निदान पाच फूट लांब आणि जिथं पाणी घालता येईल अशा जागी घ्या. पाण्याच्या टाकीसाठी जेसीबी येईल त्याच दिवशी तो खणून घेतला की वेगळा खर्च नाही.

रिकामे पाईपही टाकून ठेवा. गच्चीवरून डीबीपर्यंत एक, सोलरसाठी. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या सोलरला ७८,००० रुपये अनुदान आहे, तेव्हा आज नाही तरी उद्या तुम्ही तिकडं वळणारच. दुसरा पार्किंगपर्यंत, जाडसर, कारण गाडीचा मोठा चार्जर ७ किलोवॅटच्या पुढं असतो. इंटरनेट आणि कॅमेऱ्याच्या वायरींना लाईटच्या पाईपात घालू नका, त्यांची वाट वेगळी.

गिलाव्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीला मोजायची टेप लावून मोबाईलवर फोटो काढा. नंतर खिळा ठोकताना पाईप कुठं आहे ते त्यातच दिसेल.

वायरमन परवानाधारक ठेकेदाराकडचा असू द्या, मीटरसाठी त्याचा टेस्ट रिपोर्ट लागतोच. या रविवारी फक्कीची पिशवी घेऊन घरच्या सगळ्यांना साईटवर न्या. आणि बांधकामाच्या ठेकेदाराला आजच सांगा की तळची जाळी झाल्यावर वायरमनला पूर्ण एक दिवस हवा आणि तो दिवस चार दिवस आधी कळवायचा, आदल्या रात्री फोन करून नाही.