चौथीच्या मुलांकडून आपल्या राज्याविषयी खरा शोध आणि खरे लेखन कसे करून घ्यावे?

आपण विचारले आहे की, शिरपूर तालुक्यातील आपल्या शाळेत चौथीच्या वर्गाला ‘आपले राज्य महाराष्ट्र’ हा प्रकल्प दिला, तेव्हा बहुतेक मुलांनी मोबाइलवरून एकच मजकूर जसाच्या तसा उतरवून आणला. तर नऊ-दहा वर्षांच्या मुलांकडून शोध घेऊन लिहून घेणे मुळात शक्य आहे का, आणि असल्यास सुरुवात कोठून करावी. मी जळगाव जिल्ह्यात, बहुतांशी पाचोरा तालुक्यातील गिरणाकाठच्या गावांत, सत्तावीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांवर प्राथमिक शिक्षक होतो. हे शक्य आहे, असे मी अनुभवावरून सांगतो. मात्र ‘आपले राज्य’ एवढा मोठा विषय मुलाच्या हाती ठेवला, तर त्याने मजकूर उतरवून आणण्याखेरीज दुसरे काय करावे, याचा विचार आधी आपण शिक्षकांनी करायला हवा. ज्या प्रश्नाचे उत्तर गावातल्या एखाद्या माणसाजवळ किंवा एखाद्या कागदावर आहे, असा लहान प्रश्न त्याला द्यावा आणि त्या प्रश्नाचा धागा राज्यापर्यंत नेण्याचे काम आपण करावे.

नोकरीच्या सुरुवातीची सहा-सात वर्षे मी स्वतः फळ्यावर निबंध लिहून देत असे. क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर, सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर, राज्यप्राणी शेकरू, राज्यपक्षी हरियाल, अशी माहिती मुले पाठ करीत, तपासणीच्या वेळी घडाघडा म्हणून दाखवीत आणि मला ते शिकवणे वाटत असे. शाळेसमोरच्या वडाला फळे आली की त्यावर हरियालांचा थवा उतरतो, हे मात्र वर्गातील एकाही मुलाला ठाऊक नव्हते आणि मलाही नव्हते. गुरे राखणाऱ्या एका आजोबांनी तो थवा आम्हांला दाखवला. पानांच्या रंगात मिसळून गेलेली ती पाखरे मुलांना दिसायला बराच वेळ लागला, आणि दिसल्यावर मुलांनी जे चार-पाच ओळींचे लेखन केले, ते माझ्या निबंधापेक्षा सर्व बाजूंनी चांगले होते. त्या दिवसापासून मी फळ्यावर निबंध लिहिणे बंद केले.

आपल्याला सर्वांत आधी सुचवावेसे वाटते ते साधन आपल्या शाळेच्या कपाटातच आहे: दाखल-खारीज रजिस्टर. जुन्या शाळांत ते साठ-सत्तर वर्षे मागे जाते, काही ठिकाणी त्याहूनही मागे. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन मी ते वर्गात आणीत असे, पण मुलांच्या हाती देत नसे. त्यात जातीचा रकाना असतो आणि तो वर्गात उघडा पडता कामा नये. म्हणून रजिस्टर मी माझ्यापुढे ठेवून फक्त नाव, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख आणि शाळा सोडल्याचे कारण एवढेच वाचून दाखवीत असे, आणि मुले ते वहीत उतरवून घेत. आपल्या आजोबांचे नाव शाळेच्या रजिस्टरात आहे, हे ऐकताना मुलाचा चेहरा कसा होतो, हे आपण एकदा पाहावेच.

एका वर्षी या नोंदी उतरवता उतरवता एका मुलाने विचारले की, इतक्या सगळ्यांचा वाढदिवस १ जूनलाच कसा? मोजून पाहिले, तर निम्म्याहून अधिक नोंदींत तीच तारीख होती. मी उत्तर दिले नाही. आजोबांनाच विचारा, असे सांगितले. दुसऱ्या दिवशी मुलांनी आणलेली उत्तरे निरनिराळ्या शब्दांत एकच होती: जन्मतारीख घरी कोणाला ठाऊक नव्हती, शाळा जूनमध्ये सुरू होई, म्हणून मुलाचे वय शाळेत घालण्याइतके भरावे अशा बेताने गुरुजींनी अंदाजाने तारीख घातली. एका आजोबांचे अहिराणीतले उत्तर मुलाने जसेच्या तसे लिहून आणले होते: ‘मास्तरनी लिखी टाकं.’ कागदावर लिहिलेले असले म्हणून ते खरेच असते असे नाही, ते कोणी आणि कोणत्या गरजेपोटी लिहिले हे पाहावे लागते, हा इतिहासाच्या अभ्यासातला अवघड धडा चौथीच्या मुलांना त्या दिवशी आपल्याच आजोबांकडून मिळाला. मी तो समजावून सांगितला असता, तर तो तासाबरोबरच संपला असता.

याच जुन्या कागदांतून राज्याकडे जाणारी वाटही निघते. आमच्या शाळेतल्या जुन्या दाखल्यांवर जिल्ह्याचे नाव ‘पूर्व खानदेश’ असे होते. आपल्याकडे, धुळ्याच्या बाजूला, ते ‘पश्चिम खानदेश’ असे सापडेल. मुलांनी हे काय म्हणून विचारले की मगच सांगावे की, इंग्रजांनी १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे दोन भाग केले, त्यांतील पूर्वेकडचा आजचा जळगाव आणि पश्चिमेकडचा आजचा धुळे व नंदुरबार. आणि ज्या मुलांचे आई-वडील शहादा किंवा तळोद्याकडे शिकले, त्यांच्या दाखल्यावर जिल्हा ‘धुळे’ असण्याचे कारण असे की, नंदुरबार हा वेगळा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. आमच्या वर्गाने एका आजोबांचे सारे कागद एका ओळीत मांडले होते. ते शाळेत दाखल झाले तेव्हा आपला भाग मुंबई राज्यात होता, १ नोव्हेंबर १९५६ नंतर त्याच मुंबई राज्यात विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र आणि कच्छ आले, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. एका मुलीने लिहिले की, माझे आजोबा गावातून कोठेच गेले नाहीत, त्यांच्याभोवतीचे राज्य मात्र बदलत गेले. हे वाक्य तिला कोणत्याही पुस्तकात मिळाले नसते.

दुसऱ्या एका मुलाची आजी सोयगावकडची होती. पाचोऱ्याच्या सीमेला लागूनच तो भाग आहे, पण गावातली वडीलधारी माणसे आजही त्याला ‘मोगलाई’ म्हणतात. मोगलाई का, हे विचारायला मुलगा आजीकडे गेला आणि त्यातून निजामाचे हैदराबाद संस्थान, १७ सप्टेंबर १९४८ आणि अजिंठ्याची लेणी आमच्या इतकी जवळ असूनही वेगळ्या राज्यात का होती, हे सगळे एका लग्नाच्या गोष्टीतून वर्गात आले. संयुक्त महाराष्ट्राचा लढा शिकवताना मला पुढे कधीही ‘संयुक्त’ या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागला नाही.

आता लेखनाकडे येतो, कारण आपली खरी अडचण तेथे आहे. मुलाने माहिती विचारताना आपल्या बोलीत विचारावी आणि टिपणही बोलीतच करावे, असा माझा आग्रह असे. आमच्याकडे अहिराणी आणि तावडी, आपल्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशी पावरीही असेल. ‘काबर?’ असे विचारणारे मूल मनापासून विचारते. त्यालाच ‘याचे कारण काय असावे?’ असे विचारायला लावले, तर ते पाठ केलेले वाक्य म्हणून मोकळे होते. पुढे त्याने प्रमाण मराठीत लिहावे, ते आपले कामच आहे. पण सांगणाऱ्याचे एक तरी वाक्य त्याच्याच बोलीत, अवतरणचिन्हांत ठेवायला सांगावे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती, त्यांच्या ओव्या इतरांनी उतरवून ठेवल्या म्हणून १९५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, त्या पुस्तकरूपाने महाराष्ट्रापुढे आल्या, ही गोष्ट मी प्रत्येक वर्गाला सांगत असे. ऐकून लिहून ठेवणाऱ्याचे काम किती मोठे असते, हे खानदेशातील मुलाला याहून जवळचे उदाहरण देऊन सांगता येणार नाही. आखाजीची गाणी, कानबाईच्या रोटांची रीत, अशा गोष्टी गोळा करणेही मुलांना सहज जमते. त्यावर अधिक लिहीत नाही.

टिपणाचा एकच नियम ठेवावा. प्रत्येक माहितीखाली ती कोणी सांगितली, केव्हा सांगितली आणि सांगणाऱ्याने स्वतः पाहिले होते की ऐकले होते, हे लिहायचे. एवढे लिहिल्याशिवाय कोणतेही वाक्य निबंधात जाणार नाही. इंटरनेट बंद करू नये, पण ते शेवटी यावे आणि हाच नियम त्यालाही लागू करावा. ‘मोबाइलने सांगितले’ असे मुलगा म्हणाला की त्या मोबाइलला कोणी सांगितले, हे शोधायला त्याला पाठवावे. जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या आमच्या वर्गात एकदा तीन प्रकारे आली. ४२,२९,९१७ हा आकडा २०११ च्या जनगणनेचा आहे आणि बाकीचे दोन आकडे कोठून आले हे त्या पानांवर लिहिलेलेच नाही, हे मुलांनी स्वतः शोधले. त्यानंतर वर्षाशिवाय आकडा लिहिणाऱ्या मुलाला वर्गच अडवू लागला.

दोन मते जेथे आहेत तेथे दोन्ही लिहायला शिकवावे. खानदेश हे नाव कोठून आले, याविषयी फारुकी राजांच्या ‘खान’ या पदवीवरून, असे एक मत आहे. कान्हदेश, म्हणजे कृष्णाचा देश, यावरून, असे दुसरे आहे. अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेतल्यावर आपला मुलगा दानियाल याच्या नावावरून या प्रदेशाला ‘दानदेश’ हे नाव दिले होते, पण ते टिकले नाही. ‘काहींच्या मते’ हा शब्दप्रयोग मुले येथे शिकतात, आणि एकदा शिकल्यावर भांडणातही वापरतात, याचा मला फार आनंद होत असे. आपण धुळ्याजवळ आहात, तर इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या नावाने १९२७ मध्ये सुरू झालेले संशोधन मंडळ मुलांना अवश्य दाखवावे. गावोगाव फिरून लोकांच्या घरांतले जुने कागद मिळवणारा हा माणूस ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारला, हे कळल्यावर आपलीही टिपणवही मुलांना वेगळी वाटू लागते.

एक धोका आहे, तो सांगितला पाहिजे. गावापासून सुरुवात केलेला अभ्यास गावातच अडकून पडतो आणि वर्षाच्या शेवटी मुलाला आपला वाडा ठाऊक असतो, महाराष्ट्र नसतो. मी यावर दोन उपाय केले. एक नदीचा. राज्यातील गोदावरी, भीमा, कृष्णा या मोठ्या नद्या पूर्वेकडे वाहतात, हे मुलांना नकाशावर दिसते. मग आपल्या गिरणेचे पाणी कोठे जाते, असे विचारावे. गिरणा सह्याद्रीत उगम पावून आधी पूर्वेकडेच येते, मग उत्तरेकडे वळून तापीला मिळते, आणि तापी मात्र मध्य प्रदेशातील मुलताईहून ७२४ किलोमीटर उलट दिशेने, पश्चिमेकडे, सुरतेजवळ समुद्राला जाते. सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर यांच्यामधील खचलेल्या दरीतून ती वाहते, हे कारण बोट फिरवून नकाशावर दाखवले की मुलांना पटते. आपली अरुणावतीही तापीलाच मिळते, तेव्हा हा प्रश्न शिरपूरलाही तसाच विचारता येईल.

दुसरा उपाय पत्रांचा. कोकणातील एका शाळेतील ओळखीच्या शिक्षकांशी ठरवून आम्ही वर्षभर दोन्ही वर्गांत पोस्टकार्डे पाठवली. केळीची बाग म्हणजे काय, कपाशी वेचतात कशी, भरताचे वांगे वेगळे का असते, हे ज्याने कधी पाहिले नाही त्याला समजेल असे लिहायचे आहे, हे कळल्यावर मुले एकेका वाक्यावर थांबून विचार करू लागली. तिकडच्या मुलाने विचारले, ‘तुमच्याकडे पाऊस थांबल्यावर शेताला पाणी कोठून मिळते?’ त्या एका ओळीपायी आमच्या वर्गाला विहिरी, पाट आणि गिरणा धरण यांच्यावर दोन आठवडे घालवावे लागले. पहिल्या खर्ड्यावर मी लाल पेन चालवीत नसे. मुलाने तो मोठ्याने वाचायचा आणि जेथे ऐकणाऱ्याला कळले नाही तेथे खूण करायची, एवढेच. शुद्धलेखन दुसऱ्या खर्ड्यात. अमळनेरला शिक्षक असताना साने गुरुजींनी १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ मासिक काढले होते. त्याची आठवण ठेवून आम्ही या लेखांचे वर्षाला एक हस्तलिखित करीत असू आणि त्याचे वाचन परिपाठाच्या वेळी, ज्यांनी माहिती दिली त्या आजी-आजोबांना बोलावून, होत असे. ऐकताना ते मध्येच चुका दुरुस्त करीत, आणि मुले त्या तेथल्या तेथे लिहून घेत.

ही हस्तलिखिते शाळेतच ठेवावीत, पुढच्या मुलांना ती साधन म्हणून उपयोगी पडतात. २०१५ मध्ये एक मुलगा २०१२ चे हस्तलिखित घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘सर, या ताईने चूक लिहिले आहे, महाराष्ट्रात ३६ जिल्हे आहेत, हिने ३५ लिहिले आहेत.’ मी त्याला पानाखालची तारीख वाचायला सांगितली आणि पालघर जिल्हा केव्हा झाला ते शोधायला पाठवले. तो १ ऑगस्ट २०१४ ही तारीख घेऊन आला, बराच वेळ दोन्ही तारखांकडे पाहत राहिला आणि मग त्याने त्या पानाच्या समासात पेन्सिलीने लिहिले: ‘ताईने लिहिले तेव्हा ते बरोबर होते.’ खाली त्याने स्वतःचे नाव आणि त्या दिवसाची तारीख घातली.