नवी गाडी, पांदणीची वाट : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

अक्षय तृतीयेला गाडी दारात आली आणि मृगाचा पहिला पाऊस पडला, की या सदरात येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. ‘मायलेज किती देते’ हा प्रश्न मागे पडतो आणि जाम झालेलं चाक, मंद दिवा, दुधाचे कॅन पुढे येतात. या वेळी अशीच सात पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : वावर गावापासून तीन किलोमीटर आहे, पांदण (शेतात जाणारी कच्ची वाट) पूर्ण काळ्या मातीची. पाणी पडलं की पुढचं चाक गाऱ्यानं (चिखलानं) गच्च होऊन फिरतच नाही. मिस्त्री म्हणतो, पुढचा मडगार्ड काढून टाका. काढू का?
– एक शेतकरी, आर्णी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : काढू नका, भाऊ. तो नुसता शिंतोडे अडवायला नसतो. बऱ्याच गाड्यांत मडगार्डखालची लोखंडी पट्टी पुढच्या शॉकअपच्या दोन्ही नळ्यांना एकमेकींशी बांधून ठेवते. ती गेली की खड्ड्यात हँडल पीळ खातं. शिवाय सगळा गारा उडून हेडलाइटवर आणि इंजिनाच्या पंखांवर बसतो. तुमचं इंजिन हवेवर थंड होतं. पंखांमधल्या फटी मातीनं बुजल्या की ते तापणारच.

आधी मातीचा स्वभाव ओळखा. पाणी साचलेल्या ठिकाणची माती पातळ असते, ती चाकावरून गळून पडते. खरा त्रास देते ती पावसानंतर दुसऱ्या दिवशीची, मळलेल्या कणकेसारखी अर्धवट सुकलेली माती. त्यात वाळलं गवत किंवा कुटार (मळणीचा भुसा) मिसळलं की मडगार्डच्या आत विटेसारखा थर बसतो. म्हणून त्या दिवशी जाणं टळत असेल तर टाळा. टळत नसेल तर ट्रॅक्टरच्या चाकोरीत न जाता कडेच्या गवतावरून चाक न्या. गवताच्या मुळांनी तिथली माती धरलेली असते.

मडगार्ड थोडा उचलता येतो. टायर आणि मडगार्ड यांत आज बोटभर फट असेल तर ती १० ते १५ मिलिमीटरनं वाढवा, त्याहून जास्त नको. बोल्ट वरून खाली जात असतील तर १० मिलिमीटरचे स्पेसर (मधे अंतर ठेवणाऱ्या चकत्या) घाला आणि बोल्टही तेवढेच लांब घ्या. जुनेच बोल्ट वापरले तर दोन-तीन आट्यांवरच सगळा भार येतो आणि महिनाभरात आटे सुटतात. बोल्ट बाजूनं असतील तर ३ मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पट्टीला दोन भोकं पाडून मधला जोड करावा लागेल. काम झालं की पुढचा ब्रेक दाबून दोघांनी मिळून हँडलवर भार द्या आणि शॉकअप पूर्ण दाबा. मडगार्ड हॉर्नला, हेडलाइटच्या खालच्या भागाला किंवा कुठल्या केबलला टेकला तर स्पेसर कमी करा. मग हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून ब्रेकची केबल किंवा नळी ताणली जात नाही ना, हेही बघा.

गाडीला दोन लिटर पाण्याची बाटली आणि एक चपटी लाकडी काडी कायम असू द्या. चाक जाम झालं की एक्सलेटर पिळत बसू नका. अर्ध्या क्लचवर दोन मिनिटं झुंजलात की जळका वास येतो, तो क्लचप्लेटचा असतो. उतरा, पाणी मारा, काडीनं गारा काढा. लोखंडी सळई किंवा विळा नको, ब्रेकची नळी कापली जाते.

घरी आल्यावर गाडी साध्या पाइपानं धुवा. जोराच्या प्रेशरचा फवारा चाकाच्या मधोमध मारला की पाणी बेअरिंगमध्ये शिरतं आणि आतलं ग्रीस जातं. चेन रॉकेलनं आणि ब्रशनं साफ करा, पेट्रोल वापरू नका. कोरडी झाली की ९० नंबरचं गिअर ऑइल खालच्या बाजूला आतून लावा, चाक हातानं फिरवत. चेनचा ढिलेपणा खालच्या मधल्या जागी मोजायचा. बहुतेक गाड्यांना २० ते ३० मिलिमीटर लागतो. चाक फिरवताना चेन जिथे सगळ्यात घट्ट लागते तिथेच मोजा, आणि दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा. ड्रम ब्रेक ओला झाला असेल तर निघताना पन्नास पावलं ब्रेक हलकासा दाबून चालवा, म्हणजे लायनर कोरडं होतं.

प्रश्न : नवी शंभर सीसीची गाडी आहे. दोन्ही बाजूंना ४० लिटरचे दुधाचे कॅन लावून रोज डेअरीवर जायचं आहे. कॅरिअर कसं करावं?
– एक दूधवाले, चांदूर बाजार, जि. अमरावती

उत्तर : कॅरिअरच्या आधी वजनाचा हिशेब करा. दूध लिटरला किलोपेक्षा थोडं जड भरतं. ४० लिटरचा भरलेला कॅन भांड्यासकट ४५ किलोच्या वर जातो, दोन मिळून ९० च्या वर. तुम्ही ६५ किलोचे धरले तर झाले १५५. या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांच्या पुस्तकात कमाल भार १३० किलोच्या आसपास दिलेला असतो आणि त्यात चालवणाराही मोजलेला असतो. आपल्या पुस्तकातला आकडा आज रात्री बघाच. आमचं मत स्पष्ट आहे : २० लिटरचे दोन कॅन न्या, लागली तर दुसरी फेरी करा. कॅन गळ्यापर्यंत भरलेला हवा. अर्धा भरलेला कॅन वळणावर हिंदकळतो आणि गाडी बाहेर ओढतो.

भार जास्त झाला की आधी मागच्या चाकाचे स्पोक ढिले होतात, मग रिम डुगडुगते, मग स्विंग आर्मचं (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचं) बुश जातं. हे सगळं हळूहळू होतं म्हणून लक्षात येत नाही. दर पंधरवड्याला स्पोकवर पान्यानं टकटक करा. घट्ट स्पोक खणखणीत वाजतो, ढिला बद्द.

कॅरिअर नटबोल्टनं बसणारंच करा. चेसिसवर वेल्डिंग कधीच नको. पातळ नळी तापून वेल्डिंगशेजारी कमजोर होते आणि पुढे तिथेच तडा जातो. कॅरिअरला वेल्डिंग लागलंच तर ते गाडीवरून उतरवून करून घ्या. इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल देणाऱ्या) गाडीवर चढलेल्या कॅरिअरला वेल्डिंग केलं तर तो करंट गाडीच्या कंट्रोल युनिटपर्यंत जाऊ शकतो. कॅनचा मध्य मागच्या एक्सलच्या मागे जाऊ देऊ नका. मागे गेला की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल हातात पोहतं. उंचीला कॅनचा तळ पायदानाच्या आसपास असावा. नायलॉनवाले लॉकनट वापरा आणि पहिल्या १०० किलोमीटरनंतर सगळे पुन्हा आवळा.

मागच्या शॉकअपला खाली खाचा असतात. भार नेताना हुक पान्यानं चौथ्या-पाचव्या खाचेवर घ्या, दोन्ही बाजूंना सारख्याच. मागच्या टायरमध्ये डबलसीटसाठी स्टिकरवर लिहिलेली हवा भरा, आणि सकाळी टायर थंड असतानाच. उन्हाळ्याच्या दुपारी मोजली तर तीन-चार पॉइंट जास्त दिसते. ती सोडू नका, नाहीतर सकाळी कमी पडेल. डेअरीवर कॅन उतरवताना आधी गाडी मेन स्टँडवर घ्या, खाली जमीन ओली असेल तर फरशीचा तुकडा ठेवा. साइड स्टँडवर एक कॅन उतरवला की दुसरा गाडीला घेऊन पडतो.

प्रश्न : रात्री शेतातून येताना रोही (नीलगायी) आडवे येतात. जास्तीचे एलईडी दिवे लावले तर बॅटरी बसेल का?
– ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर

उत्तर : १० वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर साधारण पावणेदोन अँपिअर ओढतात. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांना हे झेपतं. मात्र इंजिन बंद ठेवून मोटरपंपाजवळ उजेडासाठी दिवा लावून बसलात, तर या गाड्यांची तीन-चार अँपिअर-अवरची छोटी बॅटरी दोन तासांत बसते. आणि २०२० नंतरच्या बीएस-६ इंजेक्शन गाडीत बॅटरी पूर्ण मेली की पेट्रोलचा पंपच चालत नाही, नुसत्या किकवर भरवसा ठेवता येत नाही.

हेडलाइटची वायर कापून जोड देऊ नका. रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावा. बॅटरीच्या प्लसवरून वायर काढा आणि वीतभर अंतराच्या आतच ५ अँपिअरचा फ्यूज घाला. तिथून रिलेच्या ३० नंबरला. ८७ वरून दिव्यांना. ८५ अर्थिंगला. ८६ ला स्विचमधून असा करंट द्या जो चावी फिरवल्यावरच येतो, म्हणजे दिवा चुकून चालू राहणार नाही. वायर १ चौरस मिलिमीटरची पुरे, ती हँडलच्या वळणाजवळ सैल ठेवा. दिव्यांचा झोत खाली असू द्या. समोरच्याच्या डोळ्यांत पांढरा झोत गेला तर तो तुमच्याच अंगावर येईल, आणि दंड होईल तो वेगळाच.

पण दिव्यापेक्षा वेगाचा विचार आधी करा. साध्या लो बीममध्ये २५-३० मीटर नीट दिसतं. ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. डोळ्यानं पाहून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, आणि कोरड्या डांबरीवर थांबायला आणखी २० मीटर लागले. म्हणजे दिसेपर्यंत उशीर झालेलाच असतो. ताशी ४० ला हेच सगळं २० मीटरच्या आसपास आटोपतं. रोही एकटा क्वचितच असतो. पहिला गेला की दुसऱ्याची वाट बघा. रानडुकरं तर एकामागे एक रांगेनं निघतात. सरळ रेषेत दोन्ही ब्रेक लावा, हँडल वळवून चुकवायला जाऊ नका. याच दिवसांत दिवा नसलेल्या बैलबंड्या आणि ट्रॉल्याही सडकेवर असतात. पुढे सोयाबीन निघाल्यावर लोक ते डांबरीवर वाळत घालतात. त्या दाण्यांवर ब्रेक दाबला की टायर गोट्यांवर ठेवल्यासारखा सरकतो, म्हणून आधीच वेग उतरवा.

प्रश्न : बॉक्स बसवण्यासाठी साडी गार्ड काढायला सांगतात. चालेल का?
– एक आशा सेविका, मेळघाट

उत्तर : नाही, ताई. मागे बसणाऱ्यासाठी हाताला धरायला आधार, पायदान आणि मागचं चाक निम्मं तरी झाकणारं गार्ड ही केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२३ ची अट आहे. पदर किंवा ओढणी स्पोकमध्ये गेली की ती क्षणात गुंडाळली जाते आणि माणूस मागे ओढला जातो. गार्डच्या सळयांमधली फट मोठी वाटत असेल तर त्यावर बारीक लोखंडी जाळी बांधून घ्या, मात्र चाकापासून तिचं अंतर किमान दोन बोटं राहू द्या. बॉक्स सीटमागच्या कॅरिअरवरच बसवा. आणि चालवताना डोक्याला बांधलेल्या दुपट्ट्याची दोन्ही टोकं कपड्यांच्या आत खोचा.

प्रश्न : नवी गाडी किती दिवस हळू चालवायची?
– पुसद, जि. यवतमाळ

उत्तर : पहिले ५०० किलोमीटर ताशी ४५ च्या आत, पुढचे ५०० ताशी ५५ च्या आसपास. पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच धरा. एकाच वेगात तासभर चालवू नका, थोडा कमी-जास्त करत राहा, म्हणजे पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला नीट बसतात. पहिलं ऑइल वेळेवर बदला. त्यात धातूचे बारीक कण उतरलेले असतात. नवं ऑइल जासो (JASO) एमए किंवा एमए २ हा दुचाकीच्या ऑइलचा दर्जा लिहिलेलंच घ्या. या गाड्यांचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो आणि कारच्या काही ऑइलनं तो घसरायला लागतो.

प्रश्न : नागपूरहून समृद्धीनं शेलूबाजारला जाता येईल का?

उत्तर : नाही. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे. जुन्या रस्त्यानंच जा.

प्रश्न : गावातल्या दुकानात बाटलीत पेट्रोल मिळतं. ते घालत गेलो तर नव्या गाडीला त्रास होईल का?
– एटापल्ली, जि. गडचिरोली

उत्तर : होऊ शकतो. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात अर्धवट झाकलेल्या कॅनमध्ये ते जास्तच. पाणी किंवा केर गेला की इंजेक्टरचं बारीक छिद्र चोंदतं आणि गाडी चढावर झटके देते. अडचणीला तेच घ्यावं लागलं तर पारदर्शक बाटलीत घेऊन दहा मिनिटं उभं ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर घेऊच नका. थर नसला तरी शेवटचा बोटभर भाग टाकीत ओतू नका. पंपावर गेलात की टाकी पूर्ण भरून आणा. टाकी भरलेली असली की आत दमट हवेला जागा उरत नाही.