रत्नागिरीत, खाडीलगतच्या घरात, महिना ५०० रुपयांत परदेशी नाणी आणि टंचाईचा पैसा जमवता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर खाडीला लागून, महिन्याला ५०० रुपये बाजूला पडू शकतात, बोटीवर असलेल्या आजोबांच्या ट्रंकेत मूठभर परदेशी नाणी आणि काही नोटा निघाल्या आहेत, आणि जर्मनीच्या 'नोटगेल्ट'बद्दल वाचल्यापासून तसला पैसा जमवावासा वाटतोय. सुरुवात कुठून करायची?

जमेल, आणि ५०० रुपये पुरतील. फक्त पहिले दोन महिने एकही नाणं विकत घेऊ नका. ते १००० रुपये हवाबंद डबा, सिलिका जेल, छोटा आर्द्रतामापक आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशातला वजनकाटा यांत घाला.

नोटगेल्टमधला 'नोट' म्हणजे आपली नोट नव्हे. जर्मन भाषेत त्याचा अर्थ निकड, नड. 'गेल्ट' म्हणजे पैसा. म्हणजे नडीचा पैसा. १९१४ साली महायुद्ध सुरू झालं, लोकांनी चांदीची नाणी दडवली, तांबं आणि निकेल युद्धाकडे वळलं आणि बाजारात सुटे मिळेनासे झाले. मग नगरपालिका, जिल्हे, कारखाने यांनी आपापल्या भागापुरते बिल्ले, म्हणजे नाण्यासारखी धातूची टोकनं, आणि कागदी कूपनं काढली. बिल्ल्यांसाठी उरले होते जस्त, लोखंड आणि ॲल्युमिनियम. नेमके हेच धातू आपल्या खाऱ्या वाऱ्यापुढे टिकत नाहीत. जस्तावर पांढरी भुकटी चढते, लोखंड तांबेऱ्याने फुगतं, ॲल्युमिनियमला मीठ बारीक खड्डे पाडतं. शंभर वर्षं तिकडच्या खणात धड राहिलेला बिल्ला इथे उघड्या ताटलीत दोन पावसाळ्यांत खराब होऊ शकतो. म्हणून आधी डबा, मग नाणं.

डबा कसा, ते नीट सांगतो, कारण निम्मे लोक इथेच चुकतात. झाकणाला रबरी किंवा सिलिकॉनची कडी असलेला साधारण ५ लिटरचा डबा घ्या. त्यात १०० ग्रॅम सिलिका जेल पातळ सुती पोटलीत बांधून ठेवा. रंग बदलणारे नारिंगी मणी घ्या. निळ्या मण्यांत कोबाल्टचं क्षार असतं, घरात लहान मुलं असतील तर ते नकोच. नारिंगी रंग जाऊन मणी हिरवट पडले की ते ओले झाले असं समजा आणि ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवून, पूर्ण थंड झाल्यावर परत ठेवा. आगोटीची बेगमी करताना मेअखेरीस एकदा मणी तापवून घ्यायचे, पावसाळाभर दर दोन-तीन आठवड्यांनी पाहायचे. नाण्यांच्या डब्यात आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली हवी. नोटा मात्र त्या डब्यात घालू नका. कागद फार वाळला की कडक होतो आणि घडीवर तुटतो. नोटांना ४५ ते ५० टक्के पुरतात, म्हणून त्यांचा डबा वेगळा आणि त्यात जेल कमी. मापकावरचा आकडा पाहून पोटली लहान-मोठी करा. डबा बाहेरच्या भिंतीतल्या फडताळात ठेवू नका, पावसात ती भिंत पाझरते. मधल्या खोलीतलं लोखंडी कपाट, कमरेच्या उंचीचा कप्पा, ही बरी जागा. डांबराच्या गोळ्या डब्यात नकोत, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडतं. कसर लागू नये म्हणून कपाट कोरडं आणि स्वच्छ ठेवणं जास्त कामाचं.

नाणी कशात घालायची? बाजारात मिळणारे मऊ, चकचकीत, नव्या रेनकोटसारखा वास येणारे पाकिटांचे अल्बम बहुधा पीव्हीसीचे असतात. त्यातून सुटणाऱ्या आम्लाने नाण्यावर हिरवा चिकट थर येतो. खात्री करायची असेल तर तांब्याची तार लाल तापवून प्लास्टिकला टेकवा आणि परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे, अल्बम परत करा. हे अंगणात करा, धूर नाकात जाऊ देऊ नका. मायलरची (पारदर्शक पॉलिस्टरच्या पातळ पडद्याची) खिडकी असलेली दोन इंची पुठ्ठ्याची चौकट स्वस्त आणि चांगली, पण स्टेपलरची नको. कोकणात त्या पिना एका मोसमात गंजतात आणि तपकिरी ओघळ थेट नाण्यापर्यंत येतो. कडेने चिकटणारी चौकट घ्या. जस्ताच्या आणि लोखंडाच्या बिल्ल्यांना कडक ॲक्रिलिकची डबी द्या, तीही व्हर्नियरने (बारीक मोजमापाच्या सरकपट्टीने) व्यास मोजून मगच मागवा. नोटांना पॉलिप्रॉपिलीन किंवा मायलरचं पाकीट. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी यांनी नोट कायमची जाते.

आता धुण्याबद्दल. आपल्याकडे तांब्या-पितळेची भांडी चिंचेने, आमसुलाने, पितांबरीने लख्ख करायची सवय आहे. नाण्याला यातलं काहीही लावू नका. आम्ल धातूचा वरचा थरच खाऊन टाकतं, मग नाणं कोवळं गुलाबी दिसतं आणि जाणकार ते हातात घेत नाही. तांबं, कांसं, निकेल मळलं असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये चोवीस तास, मध्ये दोनदा पाणी बदलून, मग सुती कापडाने टिपायचं, चोळायचं नाही. जस्त आणि लोखंड पाण्यात बुडवूच नका. त्यांना शुद्ध ॲसिटोनमध्ये बुचकळून सावलीत वाळवायचं. पीव्हीसीचा हिरवा चिकटपणाही ॲसिटोननेच निघतो. नखांचा रंग काढायचं द्रावण त्याऐवजी चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो. खिडकी उघडी ठेवा, जवळ ज्योत नको. कांस्यावर फिकट हिरवी, भुरभुरीत पूड दिसली आणि पुसूनही परत आली तर तो क्षाराचा रोग समजा. ते नाणं लगेच वेगळ्या कोरड्या डबीत काढा. समुद्राजवळच्या घरात हा सगळ्यात जास्त आढळतो.

खरेदीला तिसऱ्या महिन्यापासून लागा. माझ्या मते तुमच्या हवेत आणि तुमच्या पैशांत हा क्रम बरा.

आधी जर्मन कागदी नोटगेल्ट. १९२१-२२ साली गावोगावच्या नगरपालिकांनी चित्रांच्या मालिका काढल्या: गावाची दंतकथा, जुना दरवाजा, जत्रा, पिकं. हामेल्न गावाच्या नोटांवर उंदीर पकडणारा बासरीवाला आहे. यातल्या बऱ्याच मालिका मुळातच संग्राहकांना विकण्यासाठी छापल्या, त्यामुळे करकरीत अवस्थेत आजही भरपूर मिळतात. जर्मनीत साध्या सुट्या नोटा एक-दोन युरोपासून सुरू होतात. एकटी नोट तिकडून मागवली तर टपालखर्च आणि जकात नोटेपेक्षा जड होतात, तेव्हा भारतातल्या विक्रेत्याकडून घ्या किंवा चौघे मिळून एकच पाकीट मागवा. एक गाव धरून त्याची पूर्ण मालिका करण्यात, सुट्या पन्नास नोटांपेक्षा जास्त गोडी आहे.

वाचताना अडेल ते गॉथिक अक्षरांपाशी. त्यात 'एस' हा 'एफ'सारखा दिसतो आणि 'के'चा 'टी' वाटतो, म्हणून गावाचं नाव शोधताना दोन्ही करून पाहा. 'गुटशाइन' म्हणजे कूपन, 'श्टाट' शहर, 'क्राइस' जिल्हा, 'क्रीग्सगेल्ट' युद्धाचा पैसा. १९२३ च्या महागाईच्या नोटांवर 'मिलियार्ड' असेल तर १०० कोटी, 'बिलियोन' असेल तर १ लाख कोटी. त्या नोव्हेंबरात रेंटेनमार्क हे नवं चलन आलं तेव्हा एका रेंटेनमार्कला १ लाख कोटी जुने मार्क मोजले गेले. आकडा पाहून भुलू नका, लाखांच्या आणि कोटींच्या बऱ्याच नोटा अगदी स्वस्त आहेत. तशीच १९२३ ची ॲल्युमिनियमची २०० मार्कांची सरकारी नाणी: १ ग्रॅम वजन, २३ मिलिमीटर व्यास, भरपूर उपलब्ध.

नोटांइतकीच मी चिनी मातीच्या नाण्यांची शिफारस करेन. जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतातल्या माइसन कारखान्याने १९२०-२१ मध्ये तपकिरी आणि पांढऱ्या मातीची नाणी भाजली, त्यांवर दोन तलवारींची खूण असते. दमट हवा, मीठ, बुरशी, यांतलं काहीही त्यांना बाधत नाही. कोकणातल्या संग्राहकासाठी याहून सोयीचं नाणं नाही. फक्त लादीवर पडू देऊ नका. फ्रान्समधल्या वाणिज्य मंडळांचे १९२० नंतरचे ५० सांतीम, १ आणि २ फ्रँकचे बिल्लेही इथे टिकतात, कारण ते ॲल्युमिनियम-कांस्याचे आहेत. 'बॉं पूर' म्हणजे 'इतक्याला चालेल' असं त्यांवर लिहिलेलं असतं. जस्ताचे आणि लोखंडाचे जर्मन बिल्ले सगळ्यात शेवटी घ्या, तुमचा डबा एक पावसाळा काढून दाखवेल त्यानंतर. लोहचुंबकाला चिकटला तो लोखंडाचा, एवढी पारख घरच्या घरी होते.

जवळचा टंचाईचा पैसाही विसरू नका. दुसऱ्या महायुद्धात तांबं वाचवायला १९४३ पासून भोकाचा पैसा निघाला, तो कोकणात अजूनही जुन्या डब्यांत सापडतो. त्याच काळात बिकानेर, बुंदी, जुनागढ, नवानगर, मोरवी अशा संस्थानांनी सुट्यांच्या जागी पुठ्ठ्याची कूपनं काढली. ती खरी मिळाली तर सुंदर, पण नकली खूप, तेव्हा ओळखीच्या विक्रेत्याकडूनच आणि पावती घेऊन. जपानने व्यापलेल्या देशांसाठी छापलेल्या नोटा मात्र स्वस्त आणि भरवशाच्या: ब्रह्मदेशासाठी रुपयांत, अक्षर 'बी', मलायासाठी डॉलरमध्ये, अक्षर 'एम'. मलायाच्या दहा डॉलरच्या नोटेवर केळीचं झाड आहे, म्हणून तिला केळीचा पैसाच म्हणत. शेजारच्या गोव्याची १९५८-५९ ची पोर्तुगीज नाणीही बघा. ३ आणि ६ एस्कुदोची विचित्र नाणी का, तर जुना एक रुपिया ६ एस्कुदोंना धरला होता.

फसवणुकीचे तीन प्रकार आपल्या भागात फार फिरतात. राम दरबार, हनुमान किंवा लक्ष्मी असलेलं '१८१८' सालचं ईस्ट इंडिया कंपनीचं नाणं: कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नाही. तांदूळ ओढणारं नाणं: निव्वळ लुबाडणूक. आणि 'तुमची जुनी नोट लाखात घेतो, आधी कमिशन भरा' असा फोन. २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने आपल्या नावाने चालणाऱ्या अशा प्रकारांबद्दल लोकांना सावध केलं होतं. चौथी गोष्ट फसवणूक नव्हे, पण सांगायला हवी. ऑस्ट्रियाच्या मारिया तेरेसा राणीचा मोठा चांदीचा थालर अरबी समुद्राच्या व्यापारात पिढ्यानपिढ्या चालला आणि त्यावर कायम १७८० हेच साल राहिलं. १९४०-४१ मध्ये तो मुंबईच्या टांकसाळीतही पाडला गेला. २८.०७ ग्रॅम आणि साधारण ४० मिलिमीटर भरला तर चांदीचा भाव द्या. 'अडीचशे वर्षांपूर्वीचं नाणं' म्हणून जास्त देऊ नका.

स्वस्तात मिळण्याच्या जागा: आखातात किंवा बोटीवर असलेले शेजारी (त्यांच्या खणातली चिल्लर बँक घेत नाही), मोडीवाले, सराफ. देवस्थानच्या दानपेटीतली परदेशी नाणी हवी असतील तर विश्वस्तांना लेखी विचारा आणि पावती घ्या. मुंबईला गेलात तर चोर बाजारात बघा जरूर, पण वजनकाटा खिशात ठेवून. किलोवर मिळणारी मिश्र नाणी एकदा घ्यायला हरकत नाही, किलोत सुमारे दोनशे नाणी येतात आणि ओळखण्याचा सराव होतो. नुमिस्टा या ऑनलाइन सूचीवर देश, मूल्य, व्यास टाकलं की नाणं बहुधा सापडतं. वहीत तारीख, किंमत, कोणाकडून, वजन, व्यास लिहीत जा.

कायद्याच्या दोन गोष्टी. शेतात किंवा किनाऱ्यावर जमिनीत दडलेलं, १० रुपयांपेक्षा जास्त मोलाचं धन सापडलं तर १८७८ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि १९७२ च्या कायद्याने शंभरी ओलांडलेलं नाणं पुरावस्तू ठरतं, ते देशाबाहेर पाठवता येत नाही. नोटगेल्टचे बहुतेक बिल्ले आता त्यात मोडतात, म्हणून परदेशी संग्राहकाशी अदलाबदल करताना ते देऊ नका. देशात पाठवायचं असेल तर पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत घट्ट बसवून, विमा करून, स्पीड पोस्टाने.

आता आजोबांची ट्रंक. ती कोणत्याही विक्रेत्याला दाखवण्याआधी नोटा वेगळ्या काढा आणि क्रमांकाच्या आधीची अक्षरं पाहा. रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखाती देशांसाठी वेगळ्या रंगांचे रुपये काढले, त्यांच्या क्रमांकाआधी 'झेड' असतो. हज यात्रेकरूंच्या १० आणि १०० रुपयांच्या नोटांवर 'एचए' आणि 'हज' हा शब्द. रत्नागिरी-रायगडच्या घरांत या निघू शकतात आणि मोडीच्या भावात गेल्या तर मोठं नुकसान. नोटांची घडी जोर लावून उलगडू नका, दमट असतील तर दोन टीपकागदांत, वर हलकं पुस्तक ठेवून, पंख्याच्या वाऱ्यात दोन दिवस राहू द्या, इस्त्री नको. मग प्रत्येक नाण्याच्या दोन्ही बाजू आणि कड, असे तीन फोटो खिडकीच्या उजेडात काढा आणि वजन, व्यास, चुंबकाला चिकटतं की नाही, एवढं लिहून इथे खाली टाका. ओळखायला मी मदत करतो.