तुमचे प्रश्न : अणुवीज किती, कुठे आणि काय भावाने?

फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पात 2047 सालापर्यंत 100 गिगावॅट (1 गिगावॅट म्हणजे 1,000 मेगावॅट) अणुविजेचं उद्दिष्ट जाहीर झालं. आज देशाची अणुवीज क्षमता नऊ गिगावॅटच्याही आत आहे आणि एकूण विजेत तिचा वाटा 3 टक्क्यांच्या आसपास. हा पल्ला गाठता येईल का, आणि गाठावा का, असं विचारणारी बरीच पत्रं आली. त्यांतली सहा इथे घेतली आहेत.

सौर वीज अडीच रुपये युनिटच्या आसपास मिळते. मग अणुविजेवर पैसा कशाला घालायचा? (अकोला)

शेतीपंपांसाठी घालू नये, हे आधी सांगतो. दिवसा पाणी द्यायचं तर गावच्या फीडरवर सौर प्रकल्प बसवण्याइतकं स्वस्त आणि झटपट दुसरं काही नाही. पंचाईत होते ती दिवस मावळल्यावर. रात्रभर, म्हणजे 12 तास, फक्त 100 मेगावॅट भार बॅटरीवर चालवायचा तर 12 लाख युनिट साठवावे लागतात, वर भरण्या-काढण्यातली तूट वेगळी. तेवढ्या बॅटऱ्या पुढेमागे परवडतीलही. पण बॅटरी दुपारची वीज रात्रीला देते, वैशाखातलं ऊन श्रावणाला देत नाही. पावसाळ्यात आभाळ भरून आलं की सलग दहा-पंधरा दिवस उत्पादन खाली जातं, आणि पाणीपुरवठा, रुग्णालयं, पोलादाच्या भट्ट्या तेव्हाही चालूच असतात. आज हा भार कोळसा उचलतो. अणुवीज घ्यायची ती या कोळशाच्या जागी, सौर विजेच्या जागी नव्हे.

त्या जागेसाठी अणुइंधन किती सोयीचं आहे ते पाहा. 700 मेगावॅटच्या आपल्या जड पाण्याच्या (म्हणजे ज्यातला हायड्रोजन जड प्रकारचा असतो अशा पाण्याच्या) भट्टीत लागणारा एक बंडल म्हणजे 37 नळ्यांची अर्धा मीटर लांबीची जुडी. त्यात सुमारे 20 किलो युरेनियम असतं. त्यातून साधारण 10 लाख युनिट वीज निघते. तेवढ्याच विजेला साडेसहाशे-सातशे टन कोळसा जाळावा लागतो. पूर्ण भारावर भट्टीला दिवसाला असे सोळाएक बंडल लागतात, आणि भट्टी चालू असतानाच दोन्ही टोकांना यंत्रं लावून ते बदलता येतात.

मात्र अणुभट्टी सकाळ-संध्याकाळ वरखाली करू नये. इंधन स्वस्त असल्यामुळे उत्पादन कमी करून फारसं काही वाचत नाही, कर्जाचा हप्ता तर तोच राहतो. त्यात झेनॉनची अडचण आहे. भट्टी अचानक बंद पडली आणि अर्ध्या-पाऊण तासात परत चालू झाली नाही, तर साखळी प्रक्रिया चालवणारे न्यूट्रॉन गिळणारा झेनॉन-135 वायू आत साचतो आणि नैसर्गिक युरेनियमवरची भट्टी पुढचा दीडएक दिवस पेटतच नाही. म्हणून तिने तळाचा, न हलणारा भार उचलावा. चढउतार कोयनेसारख्या जलविद्युत केंद्रांनी आणि बॅटऱ्यांनी सांभाळावेत.

अणुप्रकल्प इतके महाग का पडतात? भ्रष्टाचार की तंत्रज्ञान? (पुणे)

सर्वांत मोठा खर्च वेळेचा असतो. कागद-पेन्सिल घेऊन हिशोब करून पाहा.

मेगावॅटमागे 15 कोटी रुपये खर्च धरा. 2017 मध्ये मंजूर झालेल्या 700 मेगावॅटच्या दहा भट्ट्यांचा अंदाज एवढाच होता, 7,000 मेगावॅटला 1 लाख 5 हजार कोटी. पैसा बांधकामाच्या काळात सारखा सारखा खर्च होतो आणि व्याज 9 टक्के आहे असं माना. भट्टी 6 वर्षांत उभी राहिली तर 100 रुपयांचे सुमारे 131 होतात. 13 वर्षं लागली तर 184. म्हणजे त्याच भट्टीचा मेगावॅटमागचा खर्च एकदा 19.65 कोटी आणि एकदा 27.6 कोटी. भट्टी वर्षभर सरासरी 85 टक्के भाराने चालली तर एक मेगावॅट सुमारे 74.5 लाख युनिट देतो. परतफेडीपोटी दरवर्षी भांडवलाच्या 10 टक्के वसूल करायचे तर पहिल्या भट्टीचा भांडवली भार युनिटला 2 रुपये 64 पैसे, दुसरीचा 3 रुपये 70 पैसे. सिमेंट तेच, पोलाद तेच, तरी नुसत्या उशिराने युनिट रुपयाहून जास्त महागलं. इंधन, देखभाल आणि पगार याच्यावर.

आणि 13 वर्षं हा आकडा हवेतला नाही. गुजरातमधल्या काक्रापारच्या तिसऱ्या भट्टीचं काँक्रीट नोव्हेंबर 2010 मध्ये पडलं आणि व्यापारी उत्पादन जून 2023 मध्ये सुरू झालं. जुलै 2020 मध्ये अणुप्रक्रिया सुरू होऊनही पुढे जवळपास तीन वर्षं गेली. 700 मेगावॅटच्या नमुन्याची ती पहिलीच भट्टी होती, आणि पहिल्या भट्टीत असंच होतं. भट्टीच्या उष्णतेने वाफ करणाऱ्या बाष्पजनित्रासारखा एखादा मोठा भाग एकाच कारखान्यातून यायचा असतो, तो अडला की मागची सगळी कामं थांबतात. एका पाइपाची जागा बदलली की आधार, गणितं, तपासणी, परवानगी हे सारं पहिल्यापासून करावं लागतं.

म्हणूनच आमचं मत असं, की आपल्याकडे बांधून चालवून झालेला एकच नमुना घ्यावा आणि तोच पुन्हा पुन्हा, त्याच कारागिरांकडून बांधून घ्यावा. जैतापूरला 1,650 मेगावॅटच्या ज्या सहा फ्रेंच भट्ट्या ठरल्या आहेत, त्या जातीची फ्रान्समधली फ्लामनविलची भट्टी 2007 साली बांधायला घेतली आणि डिसेंबर 2024 मध्ये ग्रिडला, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याला, जोडली गेली. फिनलंडमधल्या तिच्या बहिणीचं काम 2005 साली सुरू झालं, नियमित उत्पादन 2023 मध्ये. भट्टी चालायला लागली की उत्तम चालते. पण सतरा-अठरा वर्षांचं व्याज महाराष्ट्रातल्या वीजग्राहकाने का भरावं, याचं उत्तर करारातच लिहिलेलं असलं पाहिजे.

भट्टी बंद केली की धोका संपतो ना? (नागपूर)

नाही, आणि ही गोष्ट सगळ्यांना नीट कळायला हवी. साखळी प्रक्रिया काही सेकंदांत थांबते, पण इंधनात तयार झालेली किरणोत्सारी द्रव्यं उष्णता देतच राहतात. बंद केल्या क्षणी मूळ उष्णतेच्या 6 ते 7 टक्के, तासाभराने सुमारे दीड टक्का, दिवसाने अर्धा टक्का. 220 मेगावॅटच्या भट्टीत मूळ उष्णता साधारण 750 मेगावॅट असते. म्हणजे दुसऱ्या दिवशीही जवळपास 4 मेगावॅट उष्णता बाहेर काढायची असते. एवढी उष्णता दिवसाला सव्वा ते दीड लाख लिटर पाणी उकळून वाफ करते. ते पाणी पोचलं नाही तर इंधन वितळतं.

11 मार्च 2011 ला फुकुशिमात भूकंप झाला तेव्हा चालू असलेल्या भट्ट्या ठरल्याप्रमाणे बंद झाल्या होत्या. नंतर त्सुनामीचं पाणी तळघरातल्या डिझेल जनित्रांत शिरलं आणि पाणी फिरवायला वीजच उरली नाही.

आपल्याकडचं उदाहरण उत्तर प्रदेशातल्या नरोऱ्याचं आहे. 31 मार्च 1993 च्या पहाटे पहिल्या भट्टीच्या टर्बाइनची दोन पाती तुटली. हादऱ्यांनी जनित्राला थंड ठेवणारा हायड्रोजन बाहेर पडून पेटला, पाठोपाठ तेल पेटलं. नेहमीच्या आणि राखीव विजेच्या केबल एकाच वाटेने गेल्या होत्या, मध्ये आग अडवणारी भिंत नव्हती, त्यामुळे दोन्ही जळाल्या. सुमारे 17 तास केंद्रात वीज नव्हती. कर्मचाऱ्यांनी आग विझवण्याचे डिझेल पंप चालू करून त्यांचं पाणी बाष्पजनित्रांत सोडलं. वरची बाष्पजनित्रं थंड आणि खालची भट्टी गरम, त्यामुळे आतलं जड पाणी पंपाशिवायच फिरत राहिलं आणि इंधन वाचलं. किरणोत्सार बाहेर पडला नाही. त्या रात्री पाणी सोडणाऱ्यांचं देशाने ऋणी राहावं.

गावात जनसुनावणी झाली तर ‘सुरक्षित आहे का?’ एवढंच विचारू नका, त्याला ‘हो’ एवढंच उत्तर मिळतं. डिझेल जनित्रं समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहेत? डिझेल किती दिवसांचं? राखीव केबलची वाट वेगळी आहे का? विजेशिवाय, आपोआप उष्णता काढणारी व्यवस्था किती तास पुरते? बाहेरून पंप जोडायची तोटी कुठे आहे? उत्तरं आकड्यांत घ्या.

समुद्रात गरम पाणी सोडल्याने मासळी जाईल का? (राजापूर तालुका)

अणुभट्टीतल्या उष्णतेचा एक तृतीयांशच वीज होतो, बाकी समुद्रात जातो. जैतापूरच्या 1,650 मेगावॅटच्या एका भट्टीतून सुमारे 2,900 मेगावॅट उष्णता बाहेर पडेल. समुद्रकाठच्या औष्णिक केंद्रांना पाणी 7 अंशांपेक्षा जास्त तापवता येत नाही. तीच मर्यादा धरली तर सेकंदाला सुमारे 1 लाख लिटर पाणी घ्यावं आणि सोडावं लागेल, म्हणजे दर सेकंदाला दहा हजार लिटरचे दहा टँकर. सहा भट्ट्यांचे साठ.

खुल्या समुद्रात, खोलवर, अनेक तोंडांच्या नळातून सोडलं तर हे पाणी लवकर मिसळतं. उथळ खाडीच्या तोंडाशी सोडलं तर गरम थर किनाऱ्याला चिकटून राहतो. आपल्या समुद्रातली मासळी मे महिन्यात आधीच सोसण्याच्या टोकाला असते, तिथे दोन-तीन अंशही जड जातात. मोठे मासे दूर जातात, पण कालवं-तिसऱ्यांसारखे शिंपले आपली जागा सोडू शकत नाहीत. उष्णतेपेक्षा कमी बोललं जातं ते आत ओढल्या जाणाऱ्या पाण्याबद्दल. जाळीतून अंडी आणि बारीक पिल्लं आत जातात, आणि नळ्यांत शिंपले धरू नयेत म्हणून घातलेला क्लोरीन त्यांना लागतो. शिवाय सुरक्षेसाठी समुद्राचा पट्टा बंद झाला की पिढ्यांची मासेमारीची जागा जाते. जैतापूरजवळच्या साखरी नाटे गावातल्या मच्छीमारांचा मुख्य राग याचाच आहे, आणि तो रास्त आहे.

आग्रह धरायचा तो प्रकल्पाआधी किमान तीन वर्षं, प्रत्येक हंगामात, अंडी-पिल्लांसह मासळीची मोजणी व्हावी याचा. आधीची नोंद नसेल तर पुढचं नुकसान कुणालाच सिद्ध करता येत नाही.

तारापूरजवळ राहतो. आयोडीनच्या गोळ्या घरी घेऊन ठेवाव्यात का? (पालघर)

ठेवल्या तरी प्रशासनाने सांगितल्याशिवाय घेऊ नका. पोटॅशियम आयोडाइडची प्रौढांची मात्रा 130 मिलिग्रॅम असते, लहान मुलांची वयाप्रमाणे कमी. ही गोळी किरणोत्सारी आयोडीनपासून फक्त थायरॉइड वाचवते, बाकी कशापासून नाही. फार आधी किंवा फार उशिरा घेतली तर उपयोग नाही. जास्त आयोडीनयुक्त मीठ खाऊन ही मात्रा कधीच भरत नाही, उलट अपाय होतो. सूचना आली की घरात जा, दारं-खिडक्या आणि पंखे बंद करा, उघडं दूध-पाणी वापरू नका.

केनियात मोठी अणुभट्टी बांधायचं चाललं आहे. लहान देशाला हे झेपेल का? (नैरोबीतील मराठी अभियंता)

ग्रिडकडे पाहा. एकच संच एकूण मागणीच्या दहाव्या हिश्शाहून मोठा नसावा, असा ढोबळ नियम आहे, कारण तो अचानक बंद पडला की वारंवारता कोसळून देशभर अंधार होतो. केनियाची कमाल मागणी 2024 मध्ये सव्वादोन हजार मेगावॅटच्या आसपास होती. तिथे 1,000 मेगावॅटचा संच बसतच नाही. भारताच्या ग्रिडने मे 2024 मध्ये 250 गिगावॅटची मागणी पेलली, त्यामुळे तोच संच आपल्याकडे जाणवतही नाही.

फिलिपिन्सने 1976 मध्ये बतान इथे 621 मेगावॅटची भट्टी बांधायला घेतली. ती पूर्ण झाली, पण इंधन कधीच भरलं गेलं नाही आणि कर्ज 2007 पर्यंत फेडत बसावं लागलं. केनियाकडे ओल्कारियाची भूगर्भातली वाफ आहे, देशाची चाळीस टक्क्यांच्या आसपास वीज आजच भूऔष्णिक आहे आणि ती रात्रीही चालते. आधी तिथल्या विहिरी वाढवाव्यात, शेजारी देशांशी ग्रिडची जोडणी पक्की करावी आणि तोवर स्वतःची नियामक संस्था व निरीक्षक तयार करावेत. भट्टी विकणारा देश अभियंते पाठवील, पण भट्टी बंद करायचा आदेश देणारा निरीक्षक केनियाचाच असायला हवा, आणि तो घडायला दहा-पंधरा वर्षं लागतात.