आयसीयूची ड्यूटी आणि घोड्याचा खरारा

प्रश्न : आम्ही आयसीयूतल्या परिचारिका आणि निवासी डॉक्टर मिळून बाराजण आहोत. हल्ली कामाचा उबग येतो, पेशंटच्या नातेवाइकांवर खेकसायला होतं. गंगापूर रोडकडच्या एका तबेल्यात घोड्यांसोबत शिकण्याचं सत्र घ्यावं, असं चाललंय. घोड्यावर बसता मात्र कुणालाच येत नाही. काय पाहून ठरवावं? – एक परिचारिका, नाशिक

उत्तर : बसायचं नसतंच. सगळं काम जमिनीवर उभं राहून होतं. पहिल्याच दिवशी कुणी खोगीर चढवू लागलं, तर ती रपेट समजा.

घोडा कळपातला, शिकार होणारा प्राणी. शेजारच्याच्या हालचालीतला ताण त्याला आधी टिपावा लागतो. चेहरा शांत ठेवायची सवय तुम्हाला असते, पण श्वास अडकलेला, खांदे ताठ आणि चाल घाईची असली की तो मान उंचावतो, बाजूला सरकतो. आपला ताण आपल्याला तिथे समोर दिसतो.

बाराजण एकदम नकोत. सहा-सहाचे दोन गट, दोन घोडे, घोड्यांचा जाणकार एक आणि समुपदेशक एक, वेळ दीड तास. सुरुवातीला दहा मिनिटं कुंपणाबाहेरून फक्त कान बघा. मग डाव्या खांद्याच्या दिशेने तिरके जा. कपाळासमोर अगदी जवळचं आणि शेपटीमागचं त्याला दिसत नाही. आठ-दहा फुटांवर थांबून श्वास सोडा. कान तुमच्याकडे वळला तर पुढे व्हा, मानेला चिकटून मागे गेला तर माघार घ्या. नंतर खरारा : मान आणि खांद्यावर रबरी खराऱ्याने गोल, मग ब्रशने केसांच्या दिशेने. जबड्याखालची नाडीही मोजा. निवांत घोड्याची मिनिटाला २८ ते ४४ भरते. तुमची किती, तेही बघा.

खरी फजिती होते ती घोडा चालवत नेताना. आयसीयूतला माणूस समोर उभा राहून, डोळ्यांत बघून दोर ओढतो. ओढलं की घोडा मागेच रेलतो. दोर सैल सोडा, खांद्याजवळ या, नजर पुढे ठेवा आणि स्वतः चालू लागा. दहा पावलांवर थांबा. दोर हाताला कधीच गुंडाळू नका, घड्या घालून धरा. घोडा बुजला तर बोटं जायची.

शेवटी अर्धा तास बसून अनुभवांवर बोलायची बैठक वगळली तर उरते सहल. तिथे एकच ठरवा : कॉटजवळ जाण्याआधी हातावर सॅनिटायझर चोळायचे २०-३० सेकंद श्वास सोडण्यासाठी वापरायचे.

मालकाकडे ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या तपासणीचा दाखला मागा. हा रोग माणसालाही होतो. धनुर्वाताची लस झालेली असावी, बूट बंद असावेत, दमेकऱ्याने आधी डॉक्टरांना विचारावं. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत आटपा. नाइट ड्यूटीवरून थेट जाऊ नका. वरातीचा घोडा आम्ही टाळू. बँड सोसून तो सुन्न झालेला असू शकतो. काही दाखवत नाही आणि दाखवतो तेव्हा लाथच.

अशा सत्रांवरचे आजवरचे अभ्यास लहान गटांचे आहेत, तेव्हा फार आशा बांधू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउट, म्हणजे तुमचा हा कामाचा उबग, हा आजार नाही; कामाच्या जागी साचत गेलेल्या, न हाताळलेल्या ताणाचा तो परिणाम आहे. म्हणजे रोस्टरचं भांडण मेट्रनकडेच न्यावं लागेल. झोप उडाली असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर तबेला नको, मानसोपचारतज्ज्ञ गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

प्रश्न : घोड्याला गूळ न्यावा का? – एक वाचक, पंचवटी

उत्तर : मालकाला विचारून, तोही सत्र संपल्यावर आणि घमेल्यात. हातून दिलात की तो खिसे हुंगू लागतो, मग चावे घेतो.