चाळीस संयुगे करण्यापूर्वी

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. फिनोथायाझिन या तीन वलयांच्या रेणूची चाळीस साधिते (त्यात बदल करून केलेली संयुगे) करायची, अगार प्लेटवर प्रत्येकाचा झोन, म्हणजे जंतूंची वाढ थांबलेले वर्तुळ, मोजायचा आणि सर्वांत मोठा झोन देणारे संयुग औषधी म्हणून मांडायचे, असा त्याचा रोख दिसतो. तुझ्या मेहनतीविषयी शंका नाही. पण एकेचाळिसावे संयुग का करायचे नाही, याचे उत्तर त्यात कुठेच सापडत नाही.

एव्होमिनची गोळी तुला ठाऊक असेलच. गाडी लागू नये म्हणून घाटातल्या एसटीच्या प्रवासात ती अनेकांच्या खिशात असते. तिच्यातल्या प्रोमेथाझिन या औषधाचा सांगाडा फिनोथायाझिनचाच, म्हणजे दोन बेन्झिन वलयांच्या मध्ये एक गंधक आणि एक नायट्रोजन असलेले तिसरे वलय. त्या नायट्रोजनापासून टोकाच्या अमाइनपर्यंत दोन कार्बनांचे अंतर आहे, आणि हा रेणू प्रामुख्याने हिस्टामिन या शरीरातल्या संदेशवाहक रसायनाला अडवतो. हेच अंतर तीन कार्बनांचे करून वलयाच्या दुसऱ्या स्थानी क्लोरिन बसवला की क्लोरप्रोमाझिन मिळते. फ्रेंच रसायनतज्ज्ञ पॉल शार्पांतिए यांनी ते १९५० मध्ये बनवले आणि १९५२ मध्ये पॅरिसच्या सेंत-आन रुग्णालयात दले व दनिकेर या मनोविकारतज्ज्ञांनी ते मनोरुग्णांना दिले. अंतरात एका कार्बनाचा आणि वलयावर एका क्लोरिनाचा फरक, पण औषधाचे कामच पालटले.

आता गंधकाकडे ये, कारण तुझ्या आराखड्यात तो नुसता शीर्षकापुरता आला आहे. गंधक आणि नायट्रोजन यांना जोडणाऱ्या रेषेवर हा सांगाडा अर्धवट उघडलेल्या वहीसारखा दुमडतो. उलट १८७६ सालच्या मिथिलीन ब्ल्यू या निळ्या रंगद्रव्यामध्ये तोच सांगाडा ऑक्सिडीकृत झाल्यामुळे सपाट असतो आणि म्हणून गडद रंगाचा. गंधक काढून त्या जागी दोन कार्बनांचा पूल घातला की इमिप्रामिन या औषधाचा सांगाडा मिळतो. मनोविकारतज्ज्ञ रोलांड कून यांना इमिप्रामिन मनोविकृतीवर फारसे उपयोगी वाटले नाही. नैराश्यावर मात्र त्याचा गुण दिसला, आणि १९५७ मध्ये त्यांनी तसे प्रसिद्ध केले.

म्हणून चाळीसऐवजी सहाच संयुगे कर, परंतु प्रत्येकात एकच बदल ठेव आणि तो का केला हे संश्लेषणाआधीच वहीत लिही. यकृतात गंधकाला ऑक्सिजन जोडला जाऊन सल्फॉक्साइड होते, तेही एक संयुग म्हणून स्वतंत्रपणे तपास. झोनच्या आधी कोणता ग्राही (पेशीवरची संदेश घेणारी जागा) अडवायचा हे ठरव. त्या चाचणीची सोय आपल्याकडे नसेल तर मी दुसऱ्या प्रयोगशाळेशी बोलेन.

शनिवारी वही घेऊन ये. टीएलसी प्लेट (संयुगे डागांच्या रूपात वेगळी करण्याची पट्टी) मात्र काळ्या कागदात गुंडाळून ठेव. उजेडात तुझे डाग गुलाबी पडतील आणि तू त्यांना नवे संयुग समजशील. मी एकदा तसेच समजलो होतो, आणि त्यात तीन आठवडे गेले.

तुझा मार्गदर्शक