मोठ्या माणसांच्या टेबलावर

"मॅडम, ते दारूला शिवत नाहीत. सिगारेट नाही, दुसरं काही नाही. फक्त रात्री पूल खेळायला जातात, तेही नामांकित लोकांबरोबर. याला व्यसन म्हणायचं का?"

असं विचारत एक बाई एकट्याच आल्या होत्या. मी समुपदेशक. जुगाराच्या बाबतीत माझ्याकडे बहुतेक वेळा आधी बायको येते, नाहीतर आई. ज्याचा प्रश्न असतो तो बराच मागाहून येतो. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

नवरा पस्तिशीचा, पुण्यात घरांच्या इंटिरियरची कामं घेणारा. कॉलेजात असताना पूलवर, म्हणजे टेबलावर क्यूच्या काठीनं बॉल पॉकेटात घालायच्या खेळावर, हात बसला होता. हरेल त्यानं टेबलचे पैसे भरायचे, एवढीच तेव्हाची पैज. पुढे एका श्रीमंत गिऱ्हाइकाच्या बंगल्यात पूल टेबल बसवलं गेलं आणि तिथल्या मंडळींत एक माजी रणजीपटू आणि मालिकांमधले दोन नट होते. याचा खेळ पाहून त्यांनी याला बोलावलं. सुरुवात फ्रेमला, म्हणजे एका डावाला, 500 रुपयांनी झाली. वर्षाच्या आत पैज 20,000 वर गेली. मध्यरात्रीनंतर क्यू भिंतीला लागायचे आणि तीन पत्ती सुरू व्हायची. बाईंना सुगावा लागला तो पाटल्या सोनेतारणात गेल्यावर.

नवरा आला तेव्हा बचाव तयार होता. "पूल हा कौशल्याचा खेळ आहे मॅडम, जुगार नाही." कायद्याच्या नजरेनं बोलायचं तर आपल्याकडच्या 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे खरी. पण समुपदेशनाच्या खोलीत तो प्रश्नच नसतो. 2013 मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत जुगाराला व्यसनांच्या गटात घेतलं गेलं. तिथे नऊ लक्षणं दिली आहेत आणि वर्षभरात चार दिसली तरी निदान होतं. हरलेले पैसे परत मिळवायला पुन्हा खेळणं, रक्कम वाढवल्याशिवाय मजा न येणं, थांबायचा प्रयत्न फसणं, थांबलं की चिडचिड होणं, घरी खोटं बोलणं, पैशांसाठी दुसऱ्यांवर विसंबणं... मी एकेक वाचत गेले. सहा ठिकाणी त्यानं स्वतःच मान हलवली.

आणि कौशल्यानं त्याला वाचवलं नव्हतं, उलट जास्त खोल नेलं होतं. पत्त्यांत हरला की "पूलवर काढून घेईन" हा विश्वास असायचा. नशिबावर खेळणारा कधीतरी नशिबाला दोष देऊन उठतो. ज्याच्या हातात खेळ आहे त्याला उठवत नाही. दुसऱ्या बैठकीत त्यानं जे सांगितलं ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. रणजीपटूचा मूड गेलेला असला की हा मुद्दाम डाव जिंकून देणारा आठ नंबरचा बॉल चुकवायचा. पुढच्या शनिवारी बोलावणं यावं म्हणून.

म्हणजे तो पैसे जिंकायला जातच नव्हता. तो त्या खोलीत बसण्याचं भाडं भरत होता.

मी त्याला चार्ल्स बार्कलीबद्दल सांगितलं. या बास्केटबॉलपटूनं 2006 मध्ये उघडपणे सांगितलं होतं की आपण जुगारात सुमारे 1 कोटी डॉलर घालवले, आणि परवडतं म्हणून आपण ती अडचण मानत नाही. बार्कलीच्या शेजारी बसून तेवढीच रक्कम लावणाऱ्या माणसाला हे वाक्य उच्चारता येईल का? मग इप्पेई मिझुहाराबद्दल बोललो. बेसबॉलपटू शोहेई ओहतानीचा हा तेव्हाचा दुभाषा. 2021 मध्ये सान दिएगोत पोकर खेळताना त्याची एका बेकायदा सट्टेवाल्याशी ओळख झाली. उधारीवर हजारो पैजा लागल्या, तोटा 4 कोटी डॉलरच्या वर गेला आणि देणं फेडायला त्यानं ओहतानीच्या खात्यातून जवळजवळ 1 कोटी 70 लाख डॉलर चोरले. फेब्रुवारी 2025 मध्ये 57 महिन्यांची शिक्षा झाली. "मी कुणाचं चोरलं नाही," नवरा चटकन म्हणाला. मग गप्प झाला. दोन गिऱ्हाइकांनी स्वयंपाकघरासाठी दिलेले आगाऊ पैसे त्या टेबलावर गेले होते.

ती मंडळी वाईट होती असं मला म्हणायचं नाही. घरच्यांचा राग त्यांच्यावर होता, पण त्यांनी कुणी याच्यावर बळजबरी केली नव्हती. मीच सुचवलं म्हणून त्यानं एकदा सांगितलं, "मी पैसे न लावता खेळेन." ते सहज म्हणाले, "चालेल की, तू स्कोअर ठेव." त्या रात्री तो स्कोअर ठेवत बसला आणि तासाभरात 15,000 लावून मोकळा झाला. स्कोअर ठेवणारा होण्यापेक्षा हरणारा होणं त्याला सोसलं. तेव्हा दोघांच्याही लक्षात आलं की बिनपैशानं तिथे जाणं हा मधला मार्ग नाहीच. जाणंच बंद करायला हवं होतं. शनिवार रात्रीचं काय करायचं, हा प्रश्न आम्ही कर्जाइतकाच वेळ देऊन सोडवला. कॉलेजच्या वेळच्या पूल पार्लरमधल्या मित्रांशी संबंध पुन्हा जोडणं त्यातूनच निघालं. तिथे त्याच्या खेळाचं कौतुक करणारी पोरं अजून होती.

पैशांचं काम कोरडं असतं, पण टाळता येत नाही. एकाच बैठकीत, बायकोसमोर, सगळं देणं कागदावर आलं: 23 लाख. तिच्या भावानं प्लॉट विकून सगळं फेडायची तयारी दाखवली. मी नको म्हटलं. एका फटक्यात कर्ज फिटलं की जुगाऱ्याच्या मनात पाटी कोरी होते आणि नवी उधारी सुरू होते. आधी गिऱ्हाइकांचे पैसे, मग पाटल्या, मग बँक असा क्रम ठरला. खाती बायकोच्या हाती गेली, यूपीआयची मर्यादा खाली आणली, क्रेडिट कार्डं बंद केली. जीव द्यायचा विचार येतो का, हेही मी त्याला थेट विचारलं. आला होता. म्हणून समुपदेशनाबरोबर मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. असा विचार तुमच्या घरात कुणाच्या तोंडून ऐकलात तर बैठकीची वाट पाहू नका; सरकारची टेलिमानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे.

मधे एकदा तो घसरला. आयपीएल चालू असताना 3,000 लावले. फरक एवढाच की ते बायकोला दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः सांगितलं. त्या मला फोनवर म्हणाल्या, "मॅडम, पुन्हा सुरू झालं का?" मी म्हटलं, सांगितलं ना त्यांनी तुम्हाला? मग या बुधवारी दोघं या, आणि हिशेबाची वही घेऊन या.